अकरा वाजताचा हात

एक माणूस जेवणाच्या ताटावर गाडी चालवायला शिकला. दोन्ही हातांत ताट धरायचं, डावीकडे वळवायचं, उजवीकडे वळवायचं. परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास झाला. घरी परतताना त्यानं गाडी एका न्हाव्याच्या दुकानात घातली.

एका बादलीत निळ्या फोमच्या मुठी. कुठली जाड, कुठली वाकडी, कुठली चावल्यासारखी. लांबून बघितलं तर कुणाची तरी मोडलेली खेळणी.

एक उंदीर. रोज तोच पिंजरा, तोच दिवा, तीच वेळ. एकदा झाडूवाल्यानं खिडकी उघडी ठेवली आणि अख्ख्या आठवड्याचे आकडे केराच्या टोपलीत गेले.

बाकावर बसलेल्या बाईंच्या स्वेटरचं वरचं बटण उघडं. थोड्या वेळानं, आत जाताना, लावलेलं.

तेलकट कागदात गुंडाळलेला पोलादाचा ठोकळा. अजून तो काहीच नाही.

पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, भर उन्हाळ्यात.

आता हे सगळं एकाच किटलीच्या पोटात कसं मावलं, ते ऐका.

धाकटी वस्तूंना आकार द्यायचं काम करते. मूठ कुठं असावी, झाकण कुठल्या बोटानं उघडावं, बटण दाबलं गेलं हे बोटाला कसं कळावं. तिचा थोरला भाऊ, दादा, मज्जातंतूंवर संशोधन करतो. आणि त्यांचे बाबा जन्मभर शेजारच्या सीटवर बसून लोकांच्या गाडी चालवण्याच्या परीक्षा घेत आले. निवृत्त झाले, मग आई गेली, मग उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, नंतर पंजा, नंतर पंजातला कप.

धाकटीनं त्या थरथरीसाठीच किटली करायला घेतली. मूठ मागे नाही, पोटाशी. बूड जड. हात भरकटला तरी पाणी भसकन येणार नाही, धार बारीकच राहील. तिनं स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेली ही पहिलीच वस्तू. कंपनीनं होकार दिला, पण नुसती निरीक्षणं नकोत, आकडेही हवेत, असं बजावून. आकडे म्हटल्यावर दादा आला, आणि घरातलं जुनं भांडण आता कचेरीच्या वेळातही सुरू झालं.

"तुझं संशोधन म्हणजे शितावरून भाताची परीक्षा," दादा एका रविवारी बाबांकडे जेवताना म्हणाला. "एक बाबा बघायचे आणि जगातल्या सगळ्या हातांबद्दल बोलायचं."

"आणि तुझं म्हणजे पातेल्यातली शितं मोजायची आणि चाखायचं नाही."

"चव मोजता येत नाही."

"म्हणूनच म्हणते."

दादानं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. तो समजावून सांगायला लागला की आधी टेबलावर जागा करतो. "हे बघ. मी आधी प्रश्न ठरवतो. मग एकच गोष्ट बदलतो, बाकी सगळं जिथल्या तिथं. उद्या दुसऱ्या कुणी, दुसऱ्या गावात तेच केलं, तर त्यालाही तेच मिळायला हवं. तुला काल मिळालेलं आज मिळत नाही."

"मला प्रश्नच माहीत नसतो, दादा. मी जाऊन बसते. काहीतरी चुकीचं करून हातात देते. हात कुरकुरला की कळतं प्रश्न काय होता. आणि मला शेवटी सत्यबित्य नकोच असतं. मला चालेल अशी वस्तू हवी असते."

"हे माझ्या प्रयोगशाळेत बोललीस तर उंदीरसुद्धा हसतील."

"एक मोजतो, एक बघते," बाबा म्हणाले. "भांडी कोण घासणार?" आणि मग त्यांनी ताटावर गाडी शिकलेल्या माणसाची गोष्ट पुन्हा सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय त्यांचं जेवण पचत नसे. गोष्टीच्या शेवटी ते नेहमी एकच वाक्य टाकत. "परीक्षेच्या दिवशी सगळेच सिग्नल पाळतात. माणूस खरा कसा चालवतो ते सही झाल्यावर कळतं. पण सही झाल्यावर बघायचं काम कुणाचंच नसतं."

दोघं हसले. ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा ऐकली होती की ती आता कानात शिरतच नव्हती.

शेवटी तडजोड झाली. धाकटी बाबांच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावून बघणार, पण दादाच्या म्हणण्याप्रमाणे वेळ एकच ठेवणार: सकाळी अकरा. आणि आदल्या दिवशी फोन करून विचारणार, कारण न विचारता माणसाच्या घरात कॅमेरा घेऊन जाणं दोघांच्याही शास्त्रात बसत नव्हतं. दादा दवाखान्यातल्या एका खोलीत थरथर असलेल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना बोलावून मोजणार, तिथंही अकरालाच सुरुवात. बाबा त्याच्या यादीत नसणार. "सख्ख्या बापावर प्रयोग करत नसतात," तो म्हणाला, आणि ते बरोबरच होतं.

बाबा मात्र दादाच्या मोजणीच्या दिवशीही दवाखान्यात जायचे. बाहेरच्या बाकावर बसायचे, आलेल्यांशी गप्पा मारायचे. "मुलांची कामं चाललीत, तेवढीच सोबत," म्हणायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता अकराची वेळ दोनदा, दोन वेगवेगळ्या दिवशी.

दादाच्या तक्त्यात ती अशी: जुन्या किटलीनं पाणी सांडलं, नव्या किटलीच्या नमुन्यानं जवळजवळ सांडलंच नाही. फरक इतका मोठा की योगायोग म्हणायला जागा नाही. एक जण सोडून सगळे एका बाजूला. तो एक जण, निवृत्त बेकरीवाला, दोन्ही किटल्यांनी सारखंच सांडून बसला. दादानं त्याच्या नावापुढे फुली मारली आणि तळटीप लिहिली: अपवाद, इतर काही आजार असावा.

धाकटीच्या चित्रफितीत ती अशी: बाबा इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ओट्याशी उभे. नवी किटली उचलतात. एक क्षण हात हवेत थबकतो, मग खाली येतो, कपात धार पडते. कपाच्या कडेवर एक थेंबही नाही. बाबा कॅमेऱ्याकडे न बघता म्हणतात, "घ्या. पास की नापास?"

ती चित्रफीत तिनं कंपनीत दाखवली तेव्हा खोलीतल्या एका माणसानं डोळे पुसले. मंजुरी मिळाली. साचा कापायला गेला.

साचा म्हणजे काय ते इथंच सांगून टाकलेलं बरं. फोमची मूठ चुकली तर दुसरी तासता येते. पोलादात एकदा किटलीचा आकार कोरला की त्यातून तीच किटली निघत राहते, हजारोंनी, आणि प्रत्येक किटली कुठल्यातरी थरथरत्या हातात उकळतं पाणी देत राहते. म्हणून साचा कापण्याआधी सगळे एकमेकांना पुन्हा पुन्हा विचारतात: नक्की ना?

साचेवाल्यानंही कापायच्या दिवशी फोन करून विचारलं. "ताई, ठोकळा मशीनवर चढवतोय. नक्की ना? आणि ती शेवटची निळी मूठ पाठवा, हातात धरून बघतो. कागदावरची मूठ मला कळत नाही."

"नक्की. तुम्ही चढवा, मूठ पाठवते," ती म्हणाली. शेवटची मूठ बाबांकडे राहिली होती. दुपारची वेळ होती, बाबा झोपले असतील, कशाला उठवायचं, म्हणून तिनं फोन केला नाही. किल्ली तिच्याकडे होतीच.

दार उघडल्यावर आधी तिला आवाज आला. टिक टिक टिक टिक, घाईघाईचा, धातूवर धातू. तिला वाटलं नळाची काहीतरी कुरकुर आहे.

स्वयंपाकघरात बाबा जमिनीवर बसले होते. पाय पसरून, भिंतीला पाठ टेकून, अंगात बनियन. त्यांच्या मांडीखाली ओला टॉवेल पसरलेला. पुढ्यात बुटक्या स्टुलावर पातेलं, त्यातून वाफ येत होती. उजव्या हाताचं मनगट त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरलं होतं, जसं कुणी दुसऱ्याच्या पोराला धरतं, आणि तो धरलेला हात पळी घेऊन पातेल्यातून पेल्याकडे चालला होता. पळी पेल्याच्या कडेवर आपटत होती. टिक टिक टिक टिक. पेल्यात पोचलं ते थोडंसं. बाकी टॉवेलवर.

ती दारातच उभी राहिली. तिच्या व्यवसायानं तिला शिकवलं होतं की असं काही दिसलं की हलू नये, बोलू नये, बघत राहावं. ती तशीच बघत राहिली आणि तिला कळलं की आपण शिकल्याप्रमाणे थांबलेलो नाही, आपल्याला हलताच येत नाही आहे.

बाबांच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, कातडी सोलून गुलाबी झाली होती. कडेला जुनी खपली, मधे नवी.

नवी किटली कपाटाच्या माथ्यावर होती. तिच्यावर स्वच्छ फडकं टाकलेलं, धूळ बसू नये म्हणून.

बाबांनी वर बघितलं. "आज वार कुठला?"

"बाबा, हे काय?"

"आज नव्हतं ना तुझं? तू फोन नाही केलास." ते रागावले नव्हते. ते गडबडले होते, जसं परीक्षेचा माणूस आधीच गाडीत येऊन बसला की उमेदवार गडबडतो. ते शर्ट कुठं आहे ते नजरेनं शोधायला लागले.

ती खाली बसली. पळी त्यांच्या हातातून घेतली. हात रिकामा झाल्यावर जास्तच थरथरायला लागला, मांडीवर, स्वतःशी काहीतरी कुजबुजल्यासारखा.

"हे कधीपासून?"

"असंच आपलं."

"बाबा, मागच्या खेपेला तुम्ही उभं राहून कप भरलात. माझ्यासमोर. एक थेंब सांडला नाही."

"पास झालो ना?"

ती स्टुलावरचं सांडलेलं पुसायला लागली. बाबांना शांतता सोसत नाही, तीस वर्षं अनोळखी माणसांशेजारी गप्प बसून त्यांचा कोटा संपला होता. म्हणून त्यांनीच सांगून टाकलं, सहज, जणू दुकानातून काय आणलं ते सांगावं.

"गोळी घेतली की तासाभरात हात गप्प होतो. दोन घेतल्या की अगदी शाळेतल्या पोरासारखा हाताची घडी घालून बसतो. मग अकराच्या हिशेबानं दहाला घ्यायच्या. एवढंच."

"डॉक्टरांनी दोन सांगितल्यात?"

"नाही बाई. जास्तीच्या ते देतात कुठं. रोजच्यातल्या मागे टाकायच्या. तुझा फोन आला की तुझ्या दिवसासाठी ठेवायच्या."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस मला कुठं मिरवायला जायचंय?"

तिला ते वाक्य नीट ऐकू आलं आणि तरी ते आत उतरायला वेळ लागला. म्हणजे ती बघायला यायची म्हणून तो हात स्थिर असायचा. आणि ती बघायला यायची म्हणूनच बाकीच्या दिवशी तो जळत होता. तिनं बघितलं नसतं तर हे दिसण्यासारखं काही नसतंच.

"नवी किटली का नाही वापरत?" तिनं विचारलं.

"वापरली की." त्यांनी हाताच्या खपलीकडे बघितलं. "चांगली आहे, धाकटे. खरंच चांगली आहे. अकरा वाजता."

दादा आला तेव्हा बाबांच्या हाताला मलम लावून झालं होतं. तो हात बघून दादाचा चेहरा आधी मुलाचा झाला, मग भावाचा, आणि मग, धाकटीला ते स्पष्ट दिसलं, संशोधकाचा.

"हे भयंकर आहे," तो म्हणाला. "डॉक्टरांशी मी आजच बोलतो. पण तू घाबरू नकोस. तुझी निरीक्षणं बाद, ठीक आहे. शीत कच्चं निघालं. माझं पातेलं शाबूत आहे. बाबा माझ्या आकड्यांत नाहीतच. म्हणून तर त्यांना घेतलं नव्हतं."

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर समोरची भिंत होती.

"बाबा," धाकटी म्हणाली. "तुम्ही बाकावर काय बोलायचात?"

"काही नाही. इकडचं तिकडचं."

"बाबा."

"लोक घाबरलेले असतात गं. हात कापेल, पाणी सांडेल, लोक काय म्हणतील. माझं आयुष्य गेलं घाबरलेली माणसं बघण्यात. थोडा धीर द्यायचो."

बाकावरच्या एक बाई, पूर्वी टेलिफोन केंद्रात काम करायच्या, त्यांना फोन करून बोलावलं होतं धाकटीनंच, म्हणून त्यांचा नंबर तिच्याकडे होता. तिनं फोन लावला आणि टेबलावर ठेवला, तिघांनाही ऐकू जाईल असा.

"हो, घेतली होती ना," टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या. "सगळ्यांनीच घेतली होती. तुमच्या वडिलांनीच सांगितलं, घाबरू नका, आदल्या दिवशीची एक मागे ठेवा आणि निघताना दोन घ्या. अगदी बरोबर लागू पडली हो. नाहीतर माझ्याच्यानं स्वेटरचं बटण लागत नाही, दवाखान्यातल्या एसीसाठी घातला होता तो, तुमच्या बाकावर बसले आणि दहा मिनिटांत लागलं."

दादा फोनकडे वाकला. "पण बाई, मग मी मोजलं काय? आम्हाला तुमचा हात कसा आहे तेच तर बघायचं होतं."

"अहो, पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरतोच की माणूस," बाई म्हणाल्या. "जुनी किटली मुद्दाम थोडी सांडली मी. तुमची नवी इतकी छान होती, तिचं नाव खाली जायला नको. तुमची बहीण इतकी गोड वागते. तसं बहुतेकांनी केलं असेल. का, काही चुकलं का?"

धाकटीनं हळूच आभार मानून फोन बंद केला.

दादा खुर्चीवर बसला. मग उठला. मग पुन्हा बसला. सगळ्या गोष्टी त्यानं जिथल्या तिथं ठेवल्या होत्या, वेळ, खोली, पाण्याची मापं, खिडकीचा पडदा. आणि दाराबाहेर एक बाक होता, आणि बाकावर त्याचा बाप होता, आणि बाक त्याच्या प्रयोगात नव्हता.

"सगळे?" त्यानं बाबांना विचारलं.

"एक सोडून. तो बेकरीवाला. ऐकू येत नाही त्याला, आणि तो पलीकडच्या टोकाला बसायचा. मी ओरडून गोळ्यांचं कसं सांगणार? दवाखाना आहे तो."

दादानं डोळे मिटले. धाकटीला माहीत होतं त्याला काय दिसतंय. एक फुली. एक तळटीप.

"म्हणजे एकच खरा हात आला होता माझ्याकडे," तो म्हणाला.

"दोन्ही किटल्यांनी सांडणारा," ती म्हणाली.

ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. लहानपणी काचेची बरणी फुटल्यावर असेच उभे राहायचे, आधी कोण बोलतं याची वाट बघत. फरक एवढाच की तेव्हा बाबा दुसऱ्या खोलीत असायचे.

"मी वाईट नाही केलं काही," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात मिश्कीलपणा नव्हता. "मी जन्मभर लोकांना नापास केलं. पोटावर पाय दिले कित्येकांच्या. म्हटलं माझ्या पोरांना तरी सगळ्यांनी मिळून पास करावं."

मग धाकटीला साचा आठवला.

फोन बराच वेळ वाजला. साचेवाल्यानं उचलला तेव्हा मागे मशीनचा आवाज येत होता, एकसुरी, दळणासारखा.

"थांबवा," ती म्हणाली.

"काय म्हणता? ऐकू येत नाही. मूठ पाठवलीत का?"

"मशीन थांबवा."

तो बाजूला गेला असावा, आवाज लांब झाला. "ताई, तासाभरापूर्वी चढवला. पोट कोरून होत आलंय. अर्धा कापलेला ठोकळा कुणाच्या बापाच्या कामाचा नाही, हे तुम्हाला माहितीये ना? पुन्हा बुजवता येत नाही तो. वरून विचारतील तर मी काय सांगू?"

दादा तिच्याकडे बघत होता. त्याला बोलायचं होतं, ते तिला कळत होतं: थोडं थांब, पुन्हा मोजू, बेकरीवाल्यासारखे आणखी हात शोधू, कदाचित किटली इतकीही वाईट नसेल. ते सगळं खरं असू शकत होतं. बाबांचा हात टेबलावर होता, मलमानं चकाकणारा, आणि टेबलावरची पळी त्याच्याबरोबर वाजत होती.

"मी सांगितलं म्हणून सांगा," ती म्हणाली. "माझी किटली नापास झाली."

पलीकडे मशीन हळूहळू उतरत गेलं, आधी आवाज जाड झाला, मग सुटा सुटा, मग काहीच नाही.

दादा डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेला. धाकटीनं पातेल्यातलं पाणी पुन्हा गरम केलं, स्टूल ओढलं, बाबांना पुन्हा खाली बसवलं आणि जमिनीवर त्यांच्या शेजारी, ओल्या टॉवेलच्या कडेला बसली. बाबांनी पळी उचलली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. मग थांबले.

"बघतेयस का?"

"नाही. बसलेय."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि पळी निघाली. टिक टिक टिक टिक. ह्या वेळी तिच्या पायावरही थोडं सांडलं. चांगलंच गरम होतं. तिनं पाय मागे घेतला नाही.

पहिल्या दिवशी, अगदी पहिल्या, कॅमेरा सुरू होण्याआधी बाबांच्या हातून कप पडून फुटला होता. धाकटीनं तुकडे गोळा केले, ओटा पुसून कोरडा केला, बाबांना दुसरा कप दिला आणि मग कॅमेरा सुरू केला.